यवतमाळचा हिवाळा, पडसे आणि घरचे उपाय

पडसे हा विषाणूंमुळे होणारा, मुख्यतः नाक-घशापुरता राहणारा आणि बहुधा आपोआप बरा होणारा आजार आहे. तो घडवणारे विषाणू दोनशेहून अधिक आहेत. त्यांत ऱ्हायनोव्हायरसचा वाटा सर्वांत मोठा, आणि त्या एकाचेच दीडशेहून जास्त प्रकार माहीत आहेत. एका प्रकाराविरुद्ध शरीराने कमावलेली ताकद दुसऱ्यापुढे फारशी चालत नाही. म्हणून माणसाला जन्मभर पुन्हा पुन्हा पडसे होते, आणि म्हणूनच त्यावर आजवर लसही आलेली नाही. प्रतिजैविके जिवाणूंना मारतात, विषाणूंना नाही, त्यामुळे साध्या पडशात त्यांचा काही उपयोग होत नाही. शेंबूड पिवळा-हिरवा झाला की ‘आता गोळी हवीच’ असा समज आहे, पण तो रंग शरीराच्या लढाऊ पेशींमुळे येतो. सात ते दहा दिवसांत पडसे ओसरते. खोकला मात्र कधी कधी तीन आठवडे रेंगाळतो.

फ्लूची जात वेगळी. तो इन्फ्लुएन्झा विषाणूंच्या अ आणि ब या गटांमुळे होतो आणि अचानक गाठतो. पडसे घसा खवखवण्यापासून सुरू होऊन पायरी-पायरीने वाढते. फ्लूत सकाळी धडधाकट वावरात गेलेला माणूस दुपारी हुडहुडी भरून परततो, ताप १०२-१०३ अंशांवर जातो, अंग मोडून येते आणि उठवत नाही.

हा आजार किती टोकाला जाऊ शकतो हे वऱ्हाडाने १९१८ साली पाहिले. त्या वर्षी जूनच्या सुमारास मुंबई बंदरात आलेली इन्फ्लुएन्झाची साथ पावसाळ्यानंतर दुसऱ्या, अधिक मारक लाटेत देशभर पसरली. मराठी मुलखात तिला मानमोडी म्हणत. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा भाग देशात सर्वाधिक होरपळलेल्या भागांपैकी होता, आणि यवतमाळ जिल्हा त्यातच मोडत होता. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. उपाशी शरीरांना साथीने गाठले आणि देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. काढे आणि लेप तेव्हाही घरोघरी होतेच. घरगुती उपायांकडून काय अपेक्षा ठेवायची आणि कुठे थांबायचे, याचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

फ्लू फक्त हिवाळ्यात येतो हेही पूर्ण खरे नाही. भारतात त्याचे रुग्ण वर्षातून दोनदा वाढतात, एकदा पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्च या काळात. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला तो ऑगस्टमध्ये, भर पावसाळ्यात. तरीही थंडीचा आणि या आजारांचा संबंध आहे. अमेरिकेत २००७ साली गिनीपिगांवर केलेल्या प्रयोगांत हवा थंड आणि कोरडी असताना फ्लूचा विषाणू एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे सहज गेला, आणि हवा उबदार व दमट होताच हा प्रसार घटला. ऱ्हायनोव्हायरस तर ३३ अंश सेल्सिअसच्या आसपास जोमाने वाढतो, आणि नाकाच्या आतले तापमान साधारण तेवढेच असते. डिसेंबर-जानेवारीत यवतमाळमध्ये रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, दुपारी मात्र ऊन चांगलेच तापते. अशा कोरड्या हवेत नाकातला ओलसर थर सुकतो, आणि विषाणूंना अडवणारा पहिला पहारा ढिला पडतो.

हवामान सगळ्यांना सारखेच असते, आजार मात्र सारखा होत नाही. यवतमाळ जिल्ह्यात तो कोणाला जास्त गाठतो हे पाहायचे तर हिवाळ्यातली कामे पाहावी लागतात. दिवाळीच्या आगेमागे सुरू झालेली कापसाची वेचणी जानेवारीपर्यंत चालते, आणि मजूर बाया दहिवराने ओल्या पऱ्हाटीत सकाळीच उतरतात. हरभरा आणि गव्हाला याच दिवसांत पाणी लागते. शेतीची वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत मिळत असल्याने शेतकरी मध्यरात्री, अनवाणी, गार पाण्यात उभा राहून ओलीत करतो. ‘थंडी लागून पडसे झाले’ हे म्हणणे डॉक्टर पूर्वी हसण्यावारी नेत. इंग्लंडशेजारच्या वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठात २००५ साली १८० जणांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांनी वीस मिनिटे पाय गार पाण्यात बुडवून ठेवले, निम्मे कोरड्या पायांनी बसले. पुढच्या चार-पाच दिवसांत पहिल्या ९० पैकी १३ जणांनी पडसे झाल्याचे सांगितले, दुसऱ्या ९० पैकी पाच जणांनी. विषाणू आधीच नाकात दबा धरून असावा, पाय गारठल्याने नाकातल्या रक्तवाहिन्या आकसून प्रतिकार कमी पडत असावा, असा संशोधकांचा तर्क होता. गारठा विषाणू निर्माण करत नाही, पण असलेल्याला वाट करून देतो, एवढा अर्थ त्यातून काढता येतो. रात्री ओलीत करताना गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि घरी आल्यावर पाय कोरडे करून मोजे, हा म्हणूनच कोणत्याही काढ्याइतका विचारात घेण्याजोगा उपाय आहे.

दुसरे कारण घराच्या आतले. थंडीत खिडक्या-दारे लागतात, एका खोलीत पाच-सहा माणसे एकाच गोधडीखाली झोपतात, आणि एकाचे पडसे आठवड्यात सगळ्यांकडे फिरून येते. त्यात चुलीचा धूर भर घालतो. गॅसची टाकी घरात आली असली तरी फुकटच्या पऱ्हाट्या-तुराट्या वावरात पडलेल्या असताना पाणी तापवायला चूलच पेटते, अंगणात शेकोटीही लागते. धुराने श्वासनलिकेच्या आतले बारीक केस दुबळे होतात. चिकटलेला कफ आणि त्यातले जंतू वर ढकलण्याचे काम हेच केस करतात. घरातल्या चुलीचा धूर आणि लहान मुलांचा न्यूमोनिया यांचा संबंध जगभरच्या अभ्यासांतून दिसला आहे. चूल बाहेर किंवा धुराड्याखाली घेणे, तान्ह्या बाळाला चुलीपासून दूर ठेवणे, दुपारी ऊन असताना दारे-खिडक्या सताड उघडणे, यांना पैसा फारसा लागत नाही.

हात साबणाने धुण्याचा सल्ला ऐकून ऐकून गुळगुळीत झाला आहे. तो चुकीचा मात्र नाही, कारण पडशाचा विषाणू हाताने नाका-डोळ्यांपर्यंत जातो. शिंकताना उपरणे किंवा पदर तोंडावर धरण्याची जुनी सवयही चांगली, फक्त तोच पदर मग बाळाचे नाक पुसायला वापरू नये. झोपेकडे सहसा कोणी औषध म्हणून पाहत नाही. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६४ निरोगी माणसांच्या नाकात मुद्दाम ऱ्हायनोव्हायरसचे थेंब सोडले गेले. रात्री सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना पडसे होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. ओलीत करून पहाटे परतणाऱ्याला दिवसा झोप मिळाली पाहिजे, हे घरच्यांनीही मानायला हवे.

आहारात हा हंगाम उदार असतो. आवळा, पेरू, बोरे आणि विदर्भाची संत्री एकाच वेळी बाजारात येतात. क जीवनसत्त्वाबद्दल मात्र अतिशयोक्ती फार झाली आहे. उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा सांगतो की रोज ते घेतल्याने सर्वसाधारण माणसाला पडसे कमी वेळा होत नाही. झाले तर मोठ्यांत सुमारे आठ टक्के आणि मुलांत चौदा टक्के लवकर आटोपते. अपवाद एका गटाचा. मॅरेथॉन धावणारे, बर्फात कसरत करणारे सैनिक आणि स्कीइंग करणारे, म्हणजे शरीराचा कस लावणारे लोक, यांच्यात पडशाचे प्रमाण निम्म्यावर आले. थंडीत रात्रभर राबणारा शेतकरी या गटाच्या जवळचा मानायला हरकत नाही, आणि त्याच्यासाठी दोन आवळे गोळीपेक्षा स्वस्त आहेत. संत्री खाल्ल्याने पडसे होते या समजुतीला मात्र आधार नाही. ज्या मुलखात संत्री पिकतात तिथेच ती मुलांपासून लपवून ठेवली जावीत, हे जरा विचित्रच.

पडसे झाल्यावरचे घरगुती उपाय विषाणूला मारत नाहीत, आजाराचे दिवस सुसह्य करतात. सर्वांत जुना उपाय गरम पेयाचा. कार्डिफमध्येच २००८ साली तीस रुग्णांना फळांच्या रसाचे तेच पेय गरम किंवा साधे देऊन पाहिले. गरम पेयाने नाक गळणे, शिंका, खोकला, घसादुखी, हुडहुडी आणि थकवा या सगळ्यांत लगेच आराम वाटला. साध्या पेयाने यांतल्या काहींतच फरक पडला. आले, गवती चहा, तुळस आणि गूळ घालून उकळलेला कोरा चहा त्याच जातीचा, आणि आल्या-मिऱ्यांच्या तिखटपणाने लाळ व नाकातला स्राव सुटून घसा मोकळा होतो. कोंबडीचा पातळ रस्सा, खेकड्याचा रस्सा, मुगाचे पातळ वरण, ज्वारीची गरम आंबील, यांनी पाणी, मीठ आणि पोषण तिन्ही मिळतात. ताप आलेल्या माणसाला जेवण जात नसताना हे मोलाचे ठरते.

गुळण्यांच्या बाजूने पुरावा बरा आहे. जपानमध्ये २००५ साली ३८७ जणांवर झालेल्या चाचणीत दिवसातून तीनदा साध्या पाण्याने गुळण्या करणाऱ्यांत पडशाचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळले. आयोडीनच्या औषधी द्रावणाने मात्र तसा लाभ दिसला नाही. कोमट पाणी आणि चिमूटभर मीठ एवढे पुरते. मिठाच्या पाण्याने नाक धुण्याची पद्धत, म्हणजे योगातली जलनेती, हीही उपयोगी आहे. एडिंबरा येथे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत नाक धुणाऱ्यांचे पडसे जवळपास दोन दिवस आधी बरे झाले. त्यासाठीचे पाणी उकळून गार केलेलेच हवे. विहिरीचे किंवा नळाचे कच्चे पाणी पिण्यास चालत असले तरी नाकात घालू नये. त्यातला एक अमीबा क्वचित नाकावाटे मेंदूपर्यंत पोचतो, आणि तो आजार बहुधा प्राणघातक ठरतो.

रात्रीच्या खोकल्यावर मधाइतका भरवशाचा घरगुती उपाय दुसरा नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात २००७ साली १०५ मुलांवर झालेल्या चाचणीत झोपण्यापूर्वी चमचाभर मध दिलेल्या मुलांना काहीच न दिलेल्या मुलांपेक्षा चांगली झोप लागली, आणि खोकल्याचे बाजारी औषध दिलेल्यांत मात्र फारसा फरक दिसला नाही. मेळघाटातला असो की दुकानातला, मध एक वर्षाखालच्या बाळाला चाटवू नये. त्यात कधी कधी बॉट्युलिझम या आजाराचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या पोटात ते निरुपद्रवी ठरतात, तान्ह्याच्या आतड्यात मात्र रुजून विष तयार करतात. नवजात बाळाला मधाचे बोट लावण्याची रीत म्हणूनच सोडायला हवी.

हळदीचे दूध हा विदर्भाच्या अभिमानाचा विषय. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, ते तिच्यातल्या कर्क्युमिनच्या भरपूर प्रमाणामुळे गाजले. पण कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडे उतरते. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवले की मिऱ्यातल्या पायपरीनसोबत ते घेतल्यास हे प्रमाण वीसपट होते. आजीच्या हळद-दुधातली मिरपूड वाया जात नव्हती, असे म्हणता येईल. पडशाच्या विषाणूवर हळदीचा परिणाम माणसांत पक्का सिद्ध झालेला नाही, त्यामुळे ते गरम, झोप आणणारे पेय म्हणून घ्यावे. दुधाने कफ वाढतो म्हणून ते टाळणाऱ्यांसाठी एवढे सांगता येईल की ऑस्ट्रेलियात १९९० मध्ये पडशाचा विषाणू मुद्दाम दिलेल्या साठ जणांच्या नाकातल्या स्रावाची तुलना करता दुधाचा आणि कफाचा संबंध आढळला नाही.

अडुळशाची गोष्ट अधिक रंजक आहे. बांधावर आपोआप वाढणाऱ्या, जनावरेही तोंड न लावणाऱ्या या झुडपाच्या पानांत व्हॅसिसीन नावाचे द्रव्य असते. त्याच्या रचनेवरून रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध घडवले, आणि ब्रोमहेक्झिनपासून शरीरात तयार होणारे अ‍ॅम्ब्रोक्सॉल आज खोकल्याच्या कितीतरी सिरपांत असते. म्हणजे दवाखान्यातून आणलेल्या बाटलीचा आणि बांधावरच्या झुडपाचा गोत एकच. गरोदर स्त्रियांनी मात्र अडुळसा घेऊ नये, कारण व्हॅसिसीनने गर्भाशय आकुंचन पावते.

वाफेने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण आजार त्याने लवकर बरा होतो असे चाचण्यांत सातत्याने दिसलेले नाही. भाजण्याचा धोका मात्र खरा आहे. पांघरुणाखाली उकळत्या पाण्याचे भगोणे घेऊन लहान मुलाला बसवणे टाळावे. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून हुंगणे मोठ्यांना बरे वाटते. बाळाच्या नाकाजवळ कापूर किंवा निलगिरीचे तेल नेऊ नये. कापूर पोटात गेल्यास मुलांना झटके येतात.

उपाय झाडपाल्याचा किंवा परंपरेचा असला म्हणून निर्धोक ठरत नाही. बाळाच्या नाकात एरंडेल किंवा गोडेतेल सोडले की ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. बिब्ब्याच्या तेलाने कातडीवर फोड येऊन जखमा होतात. विदर्भाच्या काही भागांत धाप लागलेल्या बाळाच्या पोटाला तापल्या सळईने डागण्याची प्रथा अजूनही पुरती गेलेली नाही, आणि त्यात जखम तर होतेच, शिवाय उपचाराचा मोलाचा वेळ हातचा जातो. मोहाच्या दारूने अंगात ऊब आल्यासारखे वाटते, पण कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावून शरीर उलट अधिक थंड पडते. २०२० साली आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरे आणि मनुका यांचा काढा सुचवल्यावर अनेकांनी तो दिवसातून चार-पाचदा पिऊन जळजळ ओढवून घेतली. निंबावर चढणारी गुळवेलही तेव्हा घरोघरी उकळली गेली. ती घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला, तरी आधीच यकृताचा किंवा स्वप्रतिकारशक्तीचा आजार असलेल्याने ती टाळलेलीच बरी. मुलांना तापात अ‍ॅस्पिरिनही देऊ नये.

घरचे उपाय थांबवून दवाखाना गाठायची वेळ ओळखण्याची एक सोपी रीत विदर्भातच रुजली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच आरोग्यसेवकांना आणि सुईणींना बाळाचा श्वास मोजायला शिकवले, त्यासाठी मण्यांचे श्वासमापक यंत्र तयार केले आणि न्यूमोनियाचे औषध त्यांच्या हाती दिले. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात या गावांतील बालकांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू इतर गावांच्या निम्म्याहून कमी होते. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे पोट किती वेळा वर-खाली होते ते मोजायचे. दोन महिन्यांखाली ६० किंवा अधिक, वर्षाच्या आत ५० किंवा अधिक, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास असतील, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर तो न्यूमोनिया समजून त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. बाळ दूध ओढेनासे झाले किंवा सुस्त पडले तर श्वास मोजत बसण्याचीही गरज नाही.

मोठ्यांत धाप, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, बरळणे, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे ही लक्षणे गंभीर. गरोदर स्त्रिया, म्हातारी माणसे, मधुमेह आणि दम्याचे रुग्ण यांनी फ्लूची शंका येताच डॉक्टरकडे जावे, कारण त्यावरचे ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक गुण देते. दरवर्षी घ्यायची लसही या गटासाठी काढ्यांहून खात्रीची आहे. जिल्ह्यातील गोंड, परधान आणि इतर काही समाजांत सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांच्यासाठी साधा वाटणारा तापही धोक्याचा असतो, कारण फुप्फुसातला संसर्ग त्यांच्यात झपाट्याने बळावतो. अशा रुग्णाला घरी न ठेवता ग्रामीण रुग्णालयात किंवा यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हलवावे.

हिवाळाभर गळत राहणारे नाक मात्र बहुधा पडशाचे नसते. भाव वाढेल या आशेने अनेक घरांत कापूस माजघरापर्यंत भरून ठेवलेला असतो, आणि माणसे त्याच खोलीत झोपतात. त्याच्या धुळीने आणि बारीक तंतूंनी शिंका, पाणी गळणारे नाक, डोळ्यांची व अंगाची खाज सुरू होते, ताप नसतो, आणि घराबाहेर गेले की बरे वाटते. वणी परिसरात कोळशाची धूळ, जिनिंगमध्ये सरकी-रुईची धूळ हेच करते. ही अ‍ॅलर्जी किंवा धुळीची बाधा आहे. तिला काढ्याने उतार पडत नाही, कापूस झोपायच्या खोलीतून हलवल्याने आणि कामावर नाका-तोंडाला घट्ट फडके किंवा मास्क बांधल्याने पडतो. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, सोबत संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे किंवा थुंकीतून रक्त असेल, तर क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते, आणि निदान झाल्यास औषधेही तिथेच मोफत मिळतात.